साठी, बुद्धी आणि मधमाशी



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, तिला पुरावा मागावा असे कोणास वाटत नाही. मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा फार झाली नाही. वाचनालयात बसून वाचले तेवढीच पुंजी. परंतु कारखान्यात नवे यंत्र आले की पन्नाशीच्या कामगाराला ‘आता याला काय शिकवायचे?’ म्हणून बाजूला सारतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून या म्हणीचा हिशेब तपासायला मी प्राण्यांवरील प्रयोगांकडे वळलो.

एका गोष्टीची दुसरीशी सांगड घालणे हे शिकण्याचे मूळ रूप. रशियातील पावलॉव्हने ते कुत्र्यांवर दाखविले. खाण्याआधी ठरावीक आवाज वारंवार ऐकविला की, पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते.

नंतर सशांवर प्रयोग झाले. आधी सूर ऐकवायचा, मग डोळ्यावर हवेची फुंकर सोडायची. काही खेपांनंतर ससा सूर ऐकताच डोळा मिटतो. म्हाताऱ्या सशाला तरुणापेक्षा जास्त खेपा लागतात. सूर थांबल्यावर क्षणभर खंड ठेवून फुंकर सोडली, तर त्याची अडचण आणखी वाढते. काही ससे तर शिकतच नाहीत. तेव्हा म्हण अगदीच निराधार नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. सोयीचे तेवढेच सांगायला मी येथे उभा नाही.

आता मधमाशीकडे या. कामकरी माशी पहिले दोन-तीन आठवडे पोळ्यात राहून अळ्यांना भरविते, मग मकरंद आणायला बाहेर पडते. वासाबरोबर साखरपाणी दिले की, पुढे ती नुसत्या वासाने सोंड बाहेर काढते. पंधरा दिवसांहून अधिक बाहेरची धावपळ झालेल्या माशा हा धडा शिकण्यात मागे पडतात. पोळ्यात दाईचे काम करीत राहिलेल्या माशांत वयाने तशी घट आढळली नाही.

२०१२ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या ग्रो आम्डाम आणि सहकाऱ्यांनी पुढची गोष्ट प्रसिद्ध केली. पोळ्यातल्या दाया काढून घेतल्यावर बाहेर राबणाऱ्या काही वयस्क माशा पुन्हा अळ्यांच्या संगोपनाकडे वळल्या. त्यांपैकी बऱ्याच जणींची शिकण्याची शक्ती सुधारली. मेंदूतल्या प्रथिनांतही फरक दिसला. वय पुढेच चालले होते, काम मात्र बदलले होते.

माशीवरून माणसाचा कायदा ठरत नाही, हे मला कळते. पण दोन प्रश्न विचारता येतात. ज्याला तुम्ही मंद म्हणता, त्याच्याकडून इतकी वर्षे कोणते काम करून घेतले? आणि त्याला शिकायला किती खेपा दिल्या? पंचविशीच्या मुलाला आणि पन्नाशीच्या कारागिराला नव्या यंत्रावर सारखेच दिवस देणे हे वरवर समान दिसते. म्हाताऱ्या सशाचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. पुढच्या करारात शिकण्याचे दिवस ठरतील, तेव्हा वयस्कांच्या वाट्याला चार दिवस जास्त मागा.