सत्त्याऐंशीव्या हिश्शाची आगगाडी

पुण्याच्या कोथरूड भागात, कथाकार जी. ए. कुलकर्णी यांचे नाव दिलेल्या रस्त्यावर, एका दालनात टेबलाच्या उंचीवर एक शहर वसलेले आहे. तेथे सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि या सर्वांमधून आगगाड्या धावतात. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. दिवे मंदावले, खेळण्यातील गावाचे दिवे उजळले, की पाहणाऱ्याला आपण थोर आहोत की लहान, याचा क्षणभर विसर पडतो.

या गाड्यांचे माप खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. जगभरच्या छांदिष्टांत हेच माप सर्वाधिक रूढ आहे. डबा लहान करणे सोपे. परंतु अंतराचे काय करावे? मुंबई ते पुणे हा 192 किलोमीटरांचा मार्ग. त्याला 87 ने भागले तरी दोन किलोमीटरांहून अधिक रूळ उरतो, आणि एवढे दालन कोणाजवळ असते? खऱ्या रुंद मार्गावर वळणाची त्रिज्या 175 मीटरांखाली नेत नाहीत. त्या हिशेबाने टेबलावरील पूर्ण वळशाला चार मीटर रुंदी लागेल. म्हणून छांदिष्ट हातभर त्रिज्येवर गाडी वळवतो आणि ते वळण बोगद्यात किंवा डोंगराआड दडवतो. चढणीचेही तसेच. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटाची चढण 37 फुटांस एक फूट होती. त्याच प्रमाणाने एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा, म्हणजे जेमतेम आठ सेंटिमीटर वर चढवायचा, तर तीन मीटर लांबीचा भराव घालावा लागतो.

आपल्याकडील छांदिष्टापुढे आणखी एक पेच असतो. भारतीय डब्याची मानके लखनौच्या माणकनगरातील रेल्वेच्या संशोधन संस्थेत ठरतात. या खेळाच्या रुळाचे माप मात्र युरोपात ठरले. तिकडील रुळांत 1,435 मिलिमीटरांचे अंतर असते, ते लहान होऊन 16.5 मिलिमीटर झाले. आपल्या रुंद मार्गाचे अंतर 1,676 मिलिमीटर, त्याला 19.3 मिलिमीटर हवेत. फरक जेमतेम पावणेतीन मिलिमीटरांचा! तरी ‘दख्खनची राणी’ विकतच्या रुळावर उभी केली, की समोरून पाहताना ती अरुंद पाटावर बसवलेल्या भारदस्त गृहिणीसारखी दिसते. हा दोष ज्याला खुपतो, त्याने आस, सांधे आणि रूळ सारे हाताने घडवावेत. बहुतेक जण गाडी बाजूने पाहतात आणि समाधान मानतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

वीज रुळांतूनच जाते, सामान्यतः बारा व्होल्टची. एका रुळातून येते, दुसऱ्यातून परतते. गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट आणली, तर डावा रूळ फिरून उजव्याला मिळतो आणि सारा कारभार जागच्या जागी थंडावतो. तेथे रूळ कापून निराळा तुकडा जोडावा लागतो. नवशिका या ठिकाणी हमखास अडखळतो.

खरी चिकाटी लागते ती सजावटीला. रुळाखाली बुचाची पट्टी; तिच्यावर चाळलेली बारीक खडी ब्रशाने पसरायची, साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा आणि पातळ केलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडायचा. पिळलेल्या तारेचे झाड होते, रंगवलेल्या स्पंजाची पाने. मग सारे जुने करायचे: रुळाच्या कडेला गंजाचा तपकिरी रंग, इंजिनाच्या छपरावर काजळी, स्थानकाच्या भिंतीवर पावसाचे ओघळ. कोऱ्या रंगाचे स्थानक खेळण्याच्या दुकानातले वाटते. ओघळ उमटले की तेथे कोणी गाडीची वाट पाहत असेल असे वाटू लागते.

एवढे करून खऱ्या धुळीशी गाठ असतेच. ती रुळावर बसली की वीज चाकापर्यंत पोहोचत नाही, आणि गाडी मध्येच थांबते. तेव्हा मालक फडके घेऊन बसतो आणि बोगद्यात हात घालून, न दिसणारा रूळ चाचपून पुसत राहतो.