वाहक म्हणजे रोगी नव्हे

(मंडळीच्या सेवाकार्य सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाड्यांवरच्या सेवेसाठी तुम्ही प्रार्थना करता, दान देता. त्यातून औषधे येतात, मुलांची वह्या-पुस्तके येतात. पण कधी कधी एखाद्या शब्दाचा नीट अर्थ समजावून सांगणे हीसुद्धा मोठी सेवा असते. आज मी असे चार शब्द तुमच्यापुढे ठेवते : जनुक, वाहक, शक्यता आणि वंश. हे शब्द जैविक मानवशास्त्राच्या पुस्तकातले आहेत. माणसाचे शरीर आणि त्याला मिळालेला वारसा यांचा अभ्यास करणारे हे शास्त्र. परंतु नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत सिकलसेल या आजाराने हे शब्द लोकांच्या घरात आणून ठेवले आहेत. त्यांचा अर्थ चुकला की ठरलेली लग्ने मोडतात, सुनेला दोष लागतो आणि मूल उपचाराविना राहते.

पहिला शब्द जनुक. आईवडिलांकडून मुलाला शरीराच्या घडणीविषयी जी सूचना मिळते, तिला जनुक म्हणू या. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनची सूचनाही अशीच येते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. सिकलसेलमध्ये त्यांतला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. एवढ्याशा बदलाने लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून मूल पांढरे पडते, दमते, वारंवार आजारी पडते.

दुसरा शब्द वाहक. दोन प्रतींपैकी एकच बदललेली असेल, तर ती व्यक्ती वाहक. दोन्ही बदललेल्या असतील, तर रुग्ण. वाहक शेतात राबतो, लग्न करतो, म्हातारा होतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही. पण पाड्यावर होते काय? आधी सोल्युबिलिटी नावाची साधी तपासणी होते. ती ‘पॉझिटिव्ह’ आली की घरात रडारड सुरू होते. ही तपासणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगूच शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. ती होईपर्यंत कुणालाही रोगी म्हणू नये.

तिसरा शब्द शक्यता. नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची २५ टक्के. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द लक्षात ठेवा. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब नसतो. दर वेळी चिठ्ठी नव्याने टाकली जाते. एकजण वाहक आणि दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये थॅलेसेमियासारखा कोणताही दोष नसेल, तर मूल रुग्ण होत नाही. आणि रुग्ण मुलाला एक प्रत आईकडून आलेली असते, तशी एक वडिलांकडूनही. एकट्या सुनेला दोष देणे शास्त्रालाही धरून नाही आणि न्यायालाही नाही.

चौथा शब्द वंश. ‘हा आदिवासींचा आजार, त्यांच्या रक्तातच खोट आहे,’ असे शिकलेली माणसेही बोलतात. खरे तर हा बदल आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि आपल्याकडे आदिवासींखेरीज इतर समाजांतही आढळतो. जिथे पूर्वी मलेरियाचा कहर होता, तिथे तो जास्त टिकला. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळते. वाहक मुले जास्त जगली, म्हणून ही प्रत पिढ्यान् पिढ्या पुढे आली. याला नैसर्गिक निवड म्हणतात. म्हणजे ज्याला आपण खोट म्हणतो, त्याच्या मागे तापाच्या साथींतून तगून राहिलेल्या पूर्वजांचा इतिहास आहे. मात्र वाहकानेही मच्छरदाणी सोडू नये, आणि रुग्णाला तर मलेरिया फारच धोक्याचा.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे. पाड्यावरही हाच प्रश्न ऐकू येतो. कुणी देवाचा कोप म्हणतो, कुणी करणी. प्रभूने दोघांनाही दोष दिला नाही. त्याने त्या माणसासाठी काम केले. आपणही दोषी शोधत बसू नये, कामाला लागावे.

काम काय? रुग्ण मुलाला भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, वेळेवर लसी, फोलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया. ताप आला, छातीत दुखले किंवा श्वास लागला की त्याच दिवशी दवाखाना. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहू नये, असे तिचे ध्येय आहे. सरकारची तपासणी आहे. लोकांची भीती घालवणे हे आपले काम आहे.

पाळकांना माझी विनंती आहे, तरुणांशी तपासणीविषयी साखरपुड्याच्या आधीच बोला. पत्रिका छापल्यावर ती गोष्ट काढली तर घरे मोडतात. निकाल ज्याचा त्यालाच सांगा. तो प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा नावानिशी येऊ नये. दोघे वाहक असूनही लग्न करू इच्छित असतील तर त्यांना धमकावू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी पाठवा. आणि तुम्ही दात्यांनो, पुढच्या तपासणीला जाणाऱ्या कुटुंबाचे गाडीभाडे आणि एक दिवसाची बुडालेली मजुरी भरून द्या. अनेकदा एवढ्यासाठीच निकाल अर्धा राहतो, आणि अर्ध्या निकालावर एखाद्या मुलीचे आयुष्य ठरते.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.