शनिवारचा शेवटचा तास



या व्यासपीठावरून बोलण्याची मला सवय नाही. माझे बोलणे कारखान्याच्या दारापाशी, पाळी सुटताना, आणि तेही पंधरा मिनिटांत. सोळाव्या मिनिटाला माझ्या श्रोत्यांची बस सुटते. आज श्रोते खुर्च्यांवर स्वस्थ बसले आहेत, यानेच मी थोडा बावरलो आहे. त्यातून विषय शिक्षणाचा. माझे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा शिक्षणशास्त्र सांगायला मी उभा राहिलेलो नाही. एका वर्गात जे पाहिले, आणि ते पाहताना माझ्या स्वतःच्या धंद्यातले जे आठवले, तेवढे आपल्यापुढे ठेवणार आहे.

माझी नात नगरपालिकेच्या शाळेत सातवीत शिकते. शनिवारी सकाळची शाळा असते, हे आपण जाणताच. त्या दिवशीच्या शेवटच्या तासाला तिच्या वर्गशिक्षिका बाई शिकवीत नाहीत. मुले पाच-पाच, सहा-सहांचे गट करून एकमेकांकडे तोंड करून बसतात. प्रत्येक गटाची एक वही असते आणि वहीत तीन प्रश्न असतात: या आठवड्यात काय जमले, कुठे अडले, पुढच्या आठवड्यात काय वेगळे करायचे. वीस मिनिटे बोलायचे, दहा मिनिटे लिहायचे आणि सोमवारी ती वही उघडून कामाला लागायचे. लिहिणारा दर आठवड्याला बदलतो. हेतू असा की, आपल्याला काय येत नाही हे बाईंनी सांगण्यापूर्वी मुलाला स्वतःला कळावे आणि ते मिळवण्याची वाट त्याने स्वतः शोधावी. पुस्तकी भाषेत याला स्वयंअध्ययन म्हणतात.

बाईंनी मला बोलावले ते आजोबा म्हणून नव्हे. "तुम्ही जन्मभर बैठका घेतल्यात, आमच्या बैठकांत काही दम नाही, का ते सांगा," असे त्या म्हणाल्या. मी वह्या चाळल्या. पहिल्या दोन महिन्यांची पाने सारखीच होती. "आम्ही चांगला अभ्यास केला. गणितात थोडे अडले. पुढच्या आठवड्यात जास्त अभ्यास करू." सात गट, सात वह्या आणि मजकूर एकच! बाई निराश झाल्या होत्या. मला मात्र ती पाने वाचताना जुनी ओळख पटली. असलेच इतिवृत्त मी माझ्या हाताने लिहिलेले आहे.

ती हकीकत सांगतो. जपानमध्ये १९६२ साली कारखान्यांतून गुणवत्ता मंडळे सुरू झाली. काओरू इशिकावा नावाचे प्राध्यापक या चळवळीचे एक मोठे प्रवर्तक. एका खात्यातल्या आठ-दहा कामगारांनी ठराविक दिवशी एकत्र बसायचे, आपल्याच कामातले बिघाड मांडायचे, त्यांची कारणे शोधायची, उपाय करून पाहायचा आणि पुन्हा बसायचे, अशी त्यांची रीत. आपल्या देशात ही मंडळे १९८० च्या सुमारास हैदराबादजवळच्या 'भेल'च्या कारखान्यात प्रथम आली आणि तेथून देशभर पसरली. नव्वदीच्या दशकात मी यंत्रावर काम करीत होतो, त्या कारखान्यातही ती आली. आमच्या संघटनेतल्या जुन्या मंडळींनी नाके मुरडली. मी तरुण होतो, वाचायची हौस होती. मी उत्साहाने मंडळात बसलो.

आमच्या खात्यात फिक्स्चरच्या तळाशी लोखंडाचा कीस साचत असे. त्यामुळे जॉब नीट बसत नसे आणि माप चुके. एका हेल्परने भीतभीत सुचवले की, तळाला भोक पाडले तर कीस आपोआप खाली पडेल. इतकी साधी गोष्ट एकाही इंजिनियरला सुचली नव्हती. भोक पाडले. बिघाड थांबला, वेळ वाचला, आमच्या मंडळाला स्टीलचे डबे बक्षीस मिळाले, फोटो निघाला. दुसऱ्याच महिन्यात वाचलेल्या वेळाच्या हिशेबाने उत्पादनाचा नॉर्म वाढला आणि दोन हंगामी कामगारांना 'उद्यापासून येऊ नका' असे सांगण्यात आले. त्यांतला एक तोच हेल्पर होता.

त्यानंतरही मंडळ दर गुरुवारी भरतच राहिले. इतिवृत्त मी लिहीत असे. "काम समाधानकारक. विशेष अडचण नाही. पुढील आठवड्यात अधिक लक्ष देऊ." खोटे त्यात काही नव्हते, खरेही काही नव्हते. माणसे शहाणी झाली होती, एवढेच.

म्हणून मी बाईंना म्हणालो, "मुलांना विचार करता येत नाही असे समजू नका. खरे बोलले तर काय होते, याचा अंदाज ती घेत आहेत." त्यांना ते पटले नाही. "मी कुणाला कधी ओरडले आहे का?" असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते. पण भीती एकट्या मास्तरांची नसते. तिसऱ्या गटात एक मुलगा होता. तो पहाटे वर्तमानपत्रे टाकून शाळेत येई आणि पहिल्या तासाला पेंगे. त्या गटाच्या वहीत 'कुठे अडले' याखाली तीन आठवडे त्याचेच नाव होते. चौथ्या शनिवारी तो शाळेतच आला नाही. जपानमधल्या प्राथमिक शाळांत रोज घरी जाण्यापूर्वी मुलांची अशीच छोटी सभा भरते, पाळीपाळीने एक मूल तिचे काम चालवते. फार सुंदर प्रथा आहे. पण त्या सभेचा कधीकधी एखाद्या पोरावरचा खटला होतो, ही तक्रार तिथल्याच लोकांनी केलेली आहे. चार माणसे गोल करून बसली की सत्य आपोआप बाहेर पडते, हा आपल्याकडच्या सुधारकांचा एक भोळा समज आहे.

बाईंनी एक नियम केला. वहीतले वाक्य कामापासून सुरू झाले पाहिजे, नावापासून नाही. "अमक्यामुळे नोंद राहते" असे लिहायचे नाही. "पहिल्या तासाची नोंद राहते" असे लिहायचे. एवढ्याशा बदलाने काय व्हायचे, असे मलाही वाटले होते. पण वाक्य तसे लिहिल्यावर पोरांपुढे प्रश्नच निराळा आला. पहिल्या तासाची नोंद का राहते? कारण ती ज्याच्याकडे आहे तो तेव्हा पेंगतो. मग ती त्याच्याकडे का? गटाने त्याला मधल्या सुट्टीनंतरच्या तासाची नोंद दिली. मुलगा वहीतून सुटला आणि वर्गात परत आला.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, मी मागच्या बाकावर बसलो असताना, एका मुलीने वहीत लिहिले, "अपूर्णांकाच्या भागाकाराची उत्तरे बरोबर येतात. पण दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही." हे वाक्य मला मोठ्या धैर्याचे वाटते. उत्तर बरोबर येत असताना 'मला कळलेले नाही' म्हणायला कोण तयार होतो? खाडाखोड नाही, लाल शाई नाही. गुण तर पूर्ण मिळत होते!

बाईंच्या ओठांवर स्पष्टीकरण आले होते. मला दिसत होते. त्यांनी ते गिळले आणि विचारले, "मग पुढच्या आठवड्यात काय करणार?" गट म्हणाला, "शोधणार." सोमवारी काही निघाले नाही. मंगळवारी एका मुलाने घरून उत्तर आणले. ते त्याच्या आजीच्या स्वयंपाकघरातले होते. दीड भाकरीत चतकोर किती? सहा. एका भाकरीचे चतकोर चार, अर्धीचे दोन. म्हणजे पावाने भागायचे तर चाराने गुणावे लागते, कारण एकात चार बसतात. त्यांनी कागदाच्या भाकऱ्या कापून फळ्यापुढे मांडल्या आणि साऱ्या वर्गाला समजावले. मलाही तेव्हाच समजले. पंचेचाळीस वर्षे मी ते अपूर्णांक डोळे मिटून उलटे करीत आलो होतो.

जॉन ड्यूई यांनी १९१० साली विचार करण्याच्या क्रियेवरच एक पुस्तक लिहिले. खरा विचार अडखळण्यापासून सुरू होतो, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात त्यांच्या वर्गात बसले होते, म्हणून मी ते पुस्तक वाचनालयातून आणून कोशाच्या आधाराने वाचले. हॉलंडमध्ये एका रसायनशास्त्राच्या शिक्षकाने २०११ पासून संगणक-धंद्यातली अशीच पद्धत शाळेत आणली. मुले आपले काम भिंतीवरच्या तक्त्यावर लावतात आणि टप्पा संपला की मागे वळून त्याचा आढावा घेतात. त्या शाळेचे नाव 'आश्रम कॉलेज', हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल.

पण आमच्या शाळेत पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. त्यांनी वह्या पाहिल्या, त्यांना आनंद झाला आणि त्या आनंदात ते म्हणाले, "यांचे गुण आकारिक मूल्यमापनात धरू." त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही, त्यांनाही वरचे तक्ते भरावे लागतात. पुढच्या शनिवारी सातही वह्यांत लिहिलेले होते, "सर्व जमले. काही अडले नाही." अक्षर मात्र सुरेख! बाईंनी नवी आणि जुनी अशी दोन पाने मुख्याध्यापकांपुढे शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ ते बोलले नाहीत. अखेर ठरले की गुण दुसऱ्या कामावर द्यायचे आणि वह्या वर्गातल्या कपाटात राहायच्या, किल्ली मुलांकडे. अधिकारी तपासणीला आले तर काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याची धास्ती बाईंना आहे, मलाही आहे.

आम्हा संघटनावाल्यांच्या वाट्याला हे मंडळ कधी आले असते तर आम्ही काय केले असते, याचा विचार मी त्या दिवशी घरी जाताना करीत होतो. हंगामी माणसाला कमी करणार नाही, हे आधी लिहून घेतले असते, तर त्या हेल्परच्या डोक्यात अशी आणखी किती भोके असतील कोण जाणे! तसे लिहून मागण्याचे आमच्या लक्षात आले नाही, आणि जुन्या मंडळींनी नाके मुरडण्यापलीकडे काही केले नाही.

नातीने एकदा जेवताना मला विचारले, "आजोबा, तुमच्या युनियनची अशी वही आहे का?" कराराच्या फायली आहेत, न्यायालयाचे निकाल आहेत, हिशेबाची पुस्तके आहेत, कुठे अडले याची वही नव्हती. गेल्या महिन्यात कार्यकारिणीपुढे मी एक दोनशे पानी वही ठेवली. पहिल्या बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहत बसले. शेवटी कंत्राटी कामगारांतून नव्याने आलेल्या एका मुलाने ती ओढून घेतली आणि लिहिले, "सभेत नेहमी तीच तीन माणसे बोलतात." त्या तिघांत मी आहे. पुढच्या बैठकीत मी अर्धा तास गप्प बसायचे, असे ठरले आहे. ती बैठक परवा आहे.