पापण्यांचे विकार : दुर्लक्ष नको, घरगुती प्रयोगही नकोत



मोतीबिंदूविषयी आता खेड्यापाड्यांतही पुष्कळ जागृती झाली आहे. पापणीच्या दुखण्याकडे मात्र आपण अजून किरकोळ बाब म्हणून पाहतो. बहुतेक वेळा ते किरकोळ असतेही. परंतु किरकोळ कोणते आणि गंभीर कोणते, हे ओळखता आले पाहिजे.

पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत जंतुसंसर्ग झाला म्हणजे लाल, ठणकणारी पुळी येते. हीच रांजणवाडी. स्वच्छ कापडाची घडी सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर १० मिनिटे धरावी. दिवसातून ३-४ वेळा असे केल्यास ती बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत बरी होते. ती दाबून फोडू नये. लवंग उगाळून लावणे, काजळ घालणे हे प्रकारही टाळावेत. रांजणवाडी वारंवार येत असल्यास रक्तातील साखर तपासून घेणे इष्ट होय.

पापणीतील तेलग्रंथीचे तोंड बंद झाल्यास न दुखणारी गाठ येते. तीही शेकाने बहुधा विरते. मात्र काही आठवडे लागतात. उतारवयात एकाच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल किंवा तेथील केस झडत असतील, तर कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी तपासणी अगत्याची आहे. पापण्यांच्या कडांना कोंड्यासारखे पापुद्रे धरून खाज सुटत असल्यास शेक आणि कडांची नित्य स्वच्छता हाच मुख्य उपाय आहे.

आता धोक्याच्या खुणा. मुलाची पापणी सुजून ताप आला, डोळा पुढे आल्यासारखा दिसू लागला, बुबुळ हलविताना वेदना होऊ लागल्या, किंवा अंधूक वा दुहेरी दिसू लागले, तर संसर्ग डोळ्यामागील भागात पोचला असण्याचा संभव असतो. पुष्कळदा तो नाकालगतच्या पोकळ्यांतून येतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे. विलंबाने दृष्टी जाऊ शकते. संसर्ग मेंदूपर्यंत पोचून प्राणही धोक्यात येतात.

दुकानातून परस्पर थेंब आणणेही घातक आहे. स्टेरॉइडयुक्त थेंब डॉक्टरांच्या देखरेखीविना दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो.

पापण्या आतून खरबरीत करणारा आणि पुढे त्या आत वळवून दृष्टी हिरावणारा खुपरीचा रोग एके काळी देशात सर्वत्र आढळे. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. या यशात औषधांइतकाच स्वच्छ पाण्याचा आणि चेहऱ्याच्या स्वच्छतेचा वाटा आहे. म्हणूनच शाळेत हात-तोंड धुण्यास पुरेसे पाणी आहे की नाही, हे ग्रामपंचायतीने पाहावे आणि वर्गात डोळा सुजलेले मूल दिसताच शिक्षकांनी त्याच दिवशी पालकांना कळवावे. एवढ्या दक्षतेने एखाद्या मुलाची दृष्टी वाचू शकेल.