पवई : पट्ट्यावरचे गाव



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरी चालकांनी पवईचा इतिहास, भूगोल आणि कारभार हा विषय सुचविला, तेव्हा आम्ही मागे सरलो नाही. साकीविहार रस्त्यावर आम्ही इतकी वर्षे गेट मीटिंगा घेतल्या आहेत की या गावाचे काही देणे आमच्याकडे लागते.

अमेरिकेत व्हरमाँट नावाचे एक डोंगराळ राज्य आहे. तेथील कित्येक लहान गावांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावकरी एका सभागृहात जमतात. रस्त्यासाठी किती पैसे, बर्फ उपसण्यासाठी किती, हे बोलून, भांडून, मत देऊन ठरवितात. हे वाचले तेव्हा आमच्या मनात आले : पवईच्या माणसाने पवईविषयी असा हात कधी वर केला आहे काय?

आधी भूगोल पाहू. उत्तरेला विहार तलाव आणि राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. डोंगराच्या कुशीत वारली आदिवासींचे पाडे. मध्ये पवईचा तलाव. तलाव भरून सांडला की ते पाणी विहारच्या पाण्याबरोबर मिठी नदीला मिळते आणि कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीत उतरते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीकाठच्या माणसांना हा भूगोल घरात उभे राहून शिकावा लागला. वर डोंगराला काय केले, ते खाली झोपडीला भोगावे लागते.

आता इतिहास. ही साष्टीची भूमी. पोर्तुगीजांकडून ती 1737 ते 1739 च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली, 1774 साली इंग्रजांनी बळकाविली. कंपनी सरकारने 1799 साली पवईची इस्टेट डॉक्टर स्कॉट या गोऱ्या गृहस्थांना पट्ट्याने दिली. पुढे ती सरकारजमा झाली आणि 1829 साली फ्रामजी कावसजी या पारशी शेठजींना मिळाली. पवई, कोपरी, तुंगवे, तिरंदाज, साकी, पासपोली अशी गावेच्या गावे त्या इस्टेटीत होती. फ्रामजी उद्योगी पुरुष; त्यांनी ऊस, नीळ, रेशमासाठी तुती असे नाना प्रयोग केले. 1838 साली पवईचे आंबे त्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विलायतेला पाठविले. आंब्याची हकीगत पुस्तकात आहे. आळी खणणाऱ्यांची नावे आम्हाला कोठे सापडली नाहीत.

1890–91 साली मुंबईची तहान भागविण्यासाठी येथे ओढा अडवून तलाव बांधला. पाणी पिण्याजोगे निघाले नाही आणि 1892 पासून तानसाचे पाणी शहराला मिळू लागले. पवईचे पाणी बागा आणि कारखाने यांच्या वाट्याला आले. 1948 साली लार्सन अँड टुब्रोने येथे दलदलीची आणि रानाची 55 एकर जमीन घेतली. सोव्हिएत मदतीने तंत्रशास्त्राची संस्था निघाली. 10 मार्च 1959 रोजी पंडित नेहरूंनी पवईत तिची कोनशिला बसविली. कामगार आले, वस्त्या वाढल्या. या संस्थांचा आम्हाला अभिमान आहे. परंतु भिंतीच्या आतल्या पवईला नकाशा होता, बाहेरच्या पवईला नव्हता.

1986 साली पुन्हा एक कागद झाला. सुमारे 230 एकर जमिनीसाठी राज्य सरकार, महानगर प्रदेशाचे विकास प्राधिकरण आणि जमीनधारकांची बाजू यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन नाममात्र भाड्याचा 80 वर्षांचा पट्टा ठरला. अट अशी की निम्मी घरे 40 आणि निम्मी 80 चौरस मीटरची असावीत. म्हणजे सामान्य माणसाला परवडणारी. उभे राहिले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. जनहितयाचिका झाल्या. फेब्रुवारी 2012 मध्ये उच्च न्यायालयाने हुकूम दिला की आधी ही लहान घरे बांधा, मग बाकीचे. ती अट कागदात प्रथमपासून होती. कामगारांच्या वस्तीत तो कागद कोणी वाचून दाखविला नव्हता. त्या पापात आम्हीही वाटेकरी आहोत. आम्ही बोनसचा करार ओळ न् ओळ वाचला, जमिनीचा वाचला नाही.

कारभाराचे काय? 1920 साली उपनगर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, 1950 साली मुंबई महापालिकेची हद्द उपनगरात वाढली. आज पवईचे पाणी-गटार भांडुपच्या एस विभागाकडे, शेजारची साकी-चांदिवली कुर्ल्याच्या एल विभागाकडे, महसुली दप्तर कुर्ला तालुक्यात. त्यात 'मौजे तिरंदाज' अजून नांदतो आहे! एकदा आम्ही वस्तीतल्या मावश्यांबरोबर एका नळासाठी निघालो. पहिल्या कचेरीने सांगितले, जमीन आमची नाही. दुसरी म्हणाली, नळ आमच्याकडे नाही. तिसरीत साहेब जेवायला गेले होते. एक मावशी पायरीवर बसून म्हणाल्या, "दादा, आमच्या गावचा पाटील कोण, तेवढं सांगा." आम्हाला उत्तर देता आले नाही.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने एकट्याने कारभार केला. त्याच काळात, 6 जून 2024 रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर पवईच्या जयभीमनगरातील झोपड्या पाडल्या. पावसाळ्यात झोपड्या पाडू नयेत असा शासनाचाच निर्णय आहे. प्रकरण न्यायालयात गेले. पण पोरे फूटपाथवर भिजायची ती भिजलीच.

खेडेगावाला ग्रामसभा आहे. तीन लाखांवरच्या शहरांना 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, पण त्यांत आपल्याला बसायला जागा नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे. दर सहा महिन्यांनी एका रविवारी इमारतीतले, चाळीतले आणि पाड्यावरचे लोक तलावाकाठी एकत्र बसवा. नगरसेवकाला बोलवा, जमाखर्च मागा, 1986 चा करार मराठीत मोठ्याने वाचा. कायद्याचे बळ त्या सभेला सुरुवातीला नसेल. युनियनलाही पहिल्या दिवशी मान्यता नसते. ती आपण मिळविली.

सभेची पहिली सतरंजी आम्ही आणतो.