सर्व्हर संगणकाचे अंतरंग

भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून तो निर्माण झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. पुढे २०१६ साली या शहराच्या नावाने आयआयटीही स्थापन झाली. भट्टी आणि संगणक या दोन वस्तूंमध्ये वरकरणी काहीच साम्य नाही. परंतु दुरुस्तीचा पहिला नियम दोहोंना एकच आहे : आधी ऊर्जा तोडावी, ती खरोखर तुटली आहे याची खात्री करावी आणि मगच हात लावावा.

सर्व्हर म्हणजे अनेकांची कामे एकाच वेळी करणारा, रात्रंदिवस चालणारा संगणक. रुग्णालयातील नोंदी, कारखान्यातील हजेरी, बँकेतील खाती अशा संगणकांवरच अवलंबून असतात. म्हणून तो उघडताना तीन गोष्टी जपाव्या लागतात : माणूस, यंत्र आणि त्यात साठवलेली माहिती.

माहितीचा विचार सर्वांत आधी करावा. तिची दुसरी प्रत सुरक्षित आहे हे पाहून, वापरणाऱ्यांना पूर्वसूचना देऊन, संगणक रीतसर आज्ञेने बंद करावा. त्यानंतर वीज. सर्व्हरला बहुधा दोन वीजपुरवठा संच असतात. एकाची तार काढली तरी दुसऱ्यातून प्रवाह चालूच राहतो. म्हणून दोन्ही तारा काढाव्यात आणि उरलासुरला प्रभार निघून जावा यासाठी चालू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी. वीजपुरवठा संचाची स्वतःची पेटी मात्र कधीही उघडू नये. तिच्यातील कपॅसिटरमध्ये तार काढल्यावरही सुमारे ४०० व्होल्टपर्यंतचा दाब राहू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कोरड्या हवेत चालताना वा कपडे घासले गेल्याने शरीरावर स्थिर विद्युत साठते. तिचा चटका माणसाला साधारणतः ३,००० व्होल्टच्या पुढेच जाणवतो. पण काही नाजूक भाग १०० व्होल्टहून कमी दाबानेही निकामी होतात. यासाठी मनगटाला विशिष्ट पट्टा बांधून त्याचा चिमटा पेटीच्या उघड्या धातूला लावावा. पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोध असतो. त्यामुळे प्रभार हळूहळू वाहून जातो आणि चुकून विजेशी संपर्क आलाच, तर शरीरातून जाणारा प्रवाह मर्यादित राहतो.

झाकण सरकवल्यावर दिसणारी रचना बहुतेक सर्व्हरमध्ये सारखीच असते. पुढच्या बाजूस माहिती साठवणाऱ्या डिस्क ओळीने बसवलेल्या असतात. त्यांचा क्रम बदलू नये. काढण्यापूर्वी प्रत्येकीवर क्रमांक लिहावा. त्यांच्यामागे पंख्यांची रांग आणि हवेला वाट दाखवणारे प्लास्टिकचे आवरण असते. आवरणाखाली धातूच्या पातळ पात्यांचे ठोकळे दिसतात. त्यांच्या तळाशी प्रोसेसर असतात. हे ठोकळे निवेपर्यंत हात लावू नये. त्यांच्या दोन्ही अंगांना उभ्या लांबट पट्ट्या म्हणजे स्मृती. सर्व्हरच्या स्मृतीत बहुधा ६४ बिटांमागे ८ बिटे जादा असतात. एखादे बिट चुकले तर त्यांच्या आधारे ते तेथल्या तेथे सुधारले जाते. मागील बाजूस जाळ्याशी जोडणारी व इतर विस्तारपत्रे, कोपऱ्यात वीजपुरवठा संच आणि मुख्य पटलावर घड्याळ चालू ठेवणारा, नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. पट्ट्या व पत्रे कडांनाच धरावीत. सोनेरी टोकांना बोट लागू देऊ नये.

एका वेळी एकच भाग काढावा आणि त्याची जागा कागदावर नोंदवावी. काम संपल्यावर स्क्रू मोजावेत. आवरण व झाकण लावल्याशिवाय यंत्र चालू करू नये, कारण हवेचा प्रवाह त्यांच्यावरच अवलंबून असतो. यंत्र सुरू होताच त्याने सर्व स्मृती, सर्व डिस्क आणि सर्व पंखे ओळखले का, हे पूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहावे. ही पडताळणी झाल्यावरच सर्व्हर पुन्हा लोकांच्या कामासाठी खुला करावा.