जुन्या फरशीवर नवी फरशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. पण "घरी फरशी बसवली, तेच सांगा" असा तुम्हीच आग्रह धरला, म्हणून उभी राहिले.

आपल्या जतला जुन्या घरांतून शहाबादी फरशी पुष्कळ. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद आहे, त्यावरून हे नाव. उन्हाळ्यात नुसते आडवे पडले तरी जिवाला गारवा. पण आमच्या स्वयंपाकघरातली झिजली होती, सांध्यांतून मुंग्या निघत. उखडायची तर आठ दिवस धूळ, आणि सासूबाईंना दमा. म्हणून तिच्यावरच नव्या टाइल्स बसवायचे ठरले.

गवंडी म्हणाला, "काकू, दोन दिवसांचे काम." त्याने साध्या सिमेंटात बसवून दिल्या. दोन महिन्यांत गॅसची टाकी जरा आदळली आणि तीन टाइल्स तडकल्या. खालची जुनी फरशी डुगडुगत होती! आधी काठीने ठोकून पाहावे. बद्द आवाज आला तर ती फरशी काढून पुन्हा पक्की करावी. तेलकटपणा धुवून काढावा, छिन्नीने टाचे मारावेत. या नव्या टाइल्स पाणी जवळजवळ पीतच नाहीत, म्हणून साधे सिमेंट त्यांना नीट धरत नाही. त्यांचा चिकटवायचा वेगळा मसाला पिशवीत मिळतो, तोच घ्यावा.

पण टाइल्सचे काय, पैसे गेले, पुन्हा बसवल्या. खरे दुखणे वेगळेच झाले. स्वयंपाकघर पाऊण इंच वर आले आणि सोपा तसाच राहिला. दार अडले, त्याला रंधा मारून घेतला. उंबऱ्यापाशी जी धार राहिली, तिच्याकडे कुणाचे लक्षच गेले नाही. माझेही नाही. सासूबाई पन्नास वर्षे पहाटे अंधारातच चुलीपाशी जात. अंगठा ठेचला, पडल्या, मनगट मोडले. प्लॅस्टर घालून आणल्यावर म्हणाल्या, "माझंच घर मला परकं झालं गं."

माझ्या बहिणीचा मुलगा जर्मनीत असतो. त्याच्या घरी फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या आहेत. (कोरियात तर पूर्वी चुलीचीच धग जमिनीखालून फिरवीत म्हणे. आपण बसलोय गारवा शोधत!) त्यानेही जुन्यावरच नवी फरशी घातली. तिथल्या कारागिराने पहिल्यांदा सगळी दारे नि उंबरे मोजले. मग नळ्यांतली ऊब बंद केली, थोडे ताणले तरी न सुटणारा मसाला वापरला, कारण उष्णतेने फरशी फुगते. काम झाल्यावरही बरेच दिवस ऊब बंदच ठेवून मग थोडी थोडी वाढवली. हे मला फोनवर कळले, तोवर आमचे प्लॅस्टर निघालेसुद्धा होते.

आता उंबऱ्याला उतरती दगडी पट्टी बसवली आहे. तरी सासूबाई तिथे आल्या की भिंतीला हात लावतात.

ज्यांच्याकडे काम निघणार असेल त्यांनी येऊन ती पट्टी पाहून जावी. दुपारी मी घरीच असते.